दडपणाची तालीम कोण घेणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राज्य नाट्य स्पर्धा, विद्यापीठाचा युवा महोत्सव, गांधर्वच्या परीक्षा, गणपतीतली लेझीम, शाळांची स्नेहसंमेलनं. सोलापुरात विंगेत उभं राहून तळहाताचा घाम पुसणारं कुणीच नाही, असा महिना शोधावा लागेल. आणि नेमक्या त्या क्षणी पाठीवर थाप मारणारा एक जण हमखास भेटतो, "घाबरू नको, बिनधास्त कर!" हेतू चांगलाच असतो. पण घाबरणं हे त्या मुलाने ठरवून केलेलं नसतं, त्यामुळे ते ठरवून थांबवताही येत नाही. उलट इतका वेळ नुसतं धडधडत होतं. आता ‘आपण घाबरलोय हे लोकांना दिसतंय’ याची भर पडते.

क्रीडा मानसशास्त्र आणि रंगमंच या दोन्हींशी रोजचा संबंध असलेले आम्ही काही जण हे पत्र लिहितो आहोत, ते एका साध्या मुद्द्यासाठी. आपल्या तालमीत संहिता असते, ताल असतो, नेपथ्याच्या चौकटी असतात. दडपण तेवढं नसतं. ते थेट प्रयोगाच्या रात्री भेटायला येतं. खेळाडूंनी हा प्रश्न सोडवला तो दडपण घालवून नाही, दडपणालाच सरावाला बोलावून.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत एकच गोळी उरली, तेव्हा अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन यांचे गुण सारखे होते. बिंद्राने १०.८ मारला. हॅकिनेनचा नेम ९.७ वर गेला आणि तो कांस्यपदकापर्यंत घसरला. तोपर्यंतच्या सगळ्या गोळ्यांनी दोघांना एकाच ठिकाणी आणून ठेवलं होतं. निकाल लागला तो शेवटच्या काही सेकंदांत हाताने काय केलं यावर. मैदानात हे सगळे जाणतात, म्हणून संघाबरोबर मानसिक तयारी करून घेणारा माणूस असणं ही आता नवलाई राहिलेली नाही. पॅडी अपटन २०११ च्या विश्वविजेत्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर होते आणि २०२४ मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता झालेल्या गुकेशबरोबरही. कलेच्या बाजूला हे अगदीच परकं आहे असंही नाही. अमेरिकेच्या ऑलिंपिक डायव्हिंग संघाबरोबर काम केलेले डॉन ग्रीन पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत विद्यालयात वादकांना हेच शिकवत होते.

आपल्याला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. गड्डा यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारे यात्रेच्या आधी कित्येक आठवडे सराव करतात, तोही प्रत्यक्ष पेलून. नंदीध्वज कसा पेलायचा याचं व्याख्यान ऐकून कुणी तो उचलायला जात नाही. दडपणाच्या बाबतीत मात्र आपण व्याख्यानावरच भागवतो.

आधी शरीरात काय होतं ते पाहू, कारण अर्धी भीती न कळण्याची असते. अ‍ॅड्रिनलिन वाढलं की हृदय जोरात चालतं, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, पाच मिनिटांपूर्वी जाऊन आलं तरी पुन्हा लघवीला लागल्यासारखं वाटतं. त्वचेतलं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. पळणाऱ्याला हे सगळं कामाचं. गाणाऱ्याच्या मात्र दोन ओळींचा दम दीड ओळीत संपतो, बासरीवाल्याचे ओठ सुकून फुंकर फिसकटते, तबल्यावर किनारीचा बोल बोथट निघतो.

सगळ्यात फसवी गोष्ट लयीची. तीनताल घ्या, लय मिनिटाला ८० मात्रांची. सोळा मात्रांचं आवर्तन बरोबर १२ सेकंदांचं. चौपटीत, मात्रेला चार बोल असा, वाजणारा कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) म्हणजे सेकंदाला सव्वापाचच्या आसपास बोल, आणि तेवढे हाताला बसलेले आहेत. परीक्षकांसमोर बसल्यावर आतलं घड्याळ पळायला लागतं. वादकाला लय ८० चीच वाटते, पडते मात्र ९२ ला. आवर्तन साडेदहा सेकंदांत संपतं आणि तीच चौपट आता सेकंदाला सहाहून जास्त बोल मागते. हात तेवढे देत नाही. तिहाईचा शेवटचा ‘धा’ समेच्या अलीकडे किंवा पलीकडे पडतो आणि गुरुजी म्हणतात, रियाज कमी पडला. रियाज कमी पडलेला नसतो. सुरुवातच चुकीच्या लयीत झालेली असते. यावर उपाय अगदी हाताशी आहे: धडधडत्या छातीकडे लय मागायची नाही. घरी ज्या लेहऱ्यावर, म्हणजे फिरत राहणाऱ्या सुरावटीवर, बसवलं त्याचंच एक आवर्तन मनात पूर्ण म्हणायचं, हाताने खाली-टाळी दाखवत, आणि जी लय ‘जरा ठाय (संथ) होतेय’ असं वाटायला लावेल तिथून उठायचं. दडपणाखाली जी ठाय वाटते, ती बहुतेकदा बरोबर असते. मोबाइलवर लय मोजणारं अ‍ॅप असेल तर आवाज बंद करून नुसता लुकलुकणारा ठिपका पाहिला तरी चालतं.

आता दडपणाखाली काम बिघडतं कसं? दोन वाटांनी. त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत तर औषध चुकतं.

पहिली वाट लक्ष पळवण्याची. ‘परीक्षक काहीतरी लिहितायत’, ‘तिसऱ्या रांगेतला उठून गेला’, ‘मागच्या संघाला केवढ्या टाळ्या पडल्या’ या विचारांनी डोक्यातली जागा भरली की आठवणीवर चालणारी कामं कोलमडतात. नटाचं वाक्य जातं, निवेदकाचं पुढच्या वक्त्याचं नाव जातं, नव्याने बसवलेल्या बंदिशीचा अंतरा जातो.

दुसरी वाट नेमकी उलटी, आणि मुरलेल्यांना तीच जास्त नडते. हाताला बसलेलं काम माणूस पुन्हा डोक्याने तपासायला लागतो. जिना भराभर उतरताना ‘आता कोणता पाय?’ असा विचार केला की जे होतं, तेच. दहा वर्षं कथक करणारी मुलगी चक्करांच्या मधोमध टाचेचा विचार करते आणि तोल जातो. अमेरिकेत सायन बेलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलण्यावर, केलेला प्रयोग आपल्या फार उपयोगाचा आहे. शिकताना ज्यांच्यासमोर कॅमेरा ठेवून ‘हे तज्ज्ञ पाहणार आहेत’ असं सांगितलं होतं, ते पुढे दडपणाच्या कसोटीत कोसळले नाहीत. एकट्याने शांतपणे शिकलेले कोसळले. कुणीतरी बघतंय याची सवय सरावातच लागलेली होती, एवढाच फरक.

पहिल्या वाटेवर उपाय हा की लक्षाला आधीपासून एक ठरलेलं काम द्यायचं. दुसऱ्या वाटेवर लक्ष शरीराच्या आतून काढून बाहेर परिणामावर ठेवायचं: ‘मनगट सैल’ नको, ‘आवाज शेवटच्या रांगेपर्यंत’ हवं, ‘टाच उचल’ नको, ‘नजर त्या खांबावर’ हवं. म्हणूनच दिग्दर्शकांना आणि क्लासच्या सरांना हात जोडून विनंती आहे की दुसरी घंटा झाल्यावर कुणालाही काहीही दुरुस्ती सांगू नका. "ते ‘आई’ म्हणतोस ना, तिथे जरा खालचा सूर लाव" हे वाक्य चार दिवसांपूर्वी दिग्दर्शन असतं. विंगेत तेच वाक्य घात करतं. ते वाक्य येईपर्यंत नट पुढची वीस मिनिटं स्वतःचं ऐकत बसतो.

आता दडपण तालमीत आणायचं कसं ते सांगतो. एक अट आधी. कच्च्या कामावर दडपण टाकू नका. एकट्याने, निवांतपणे दहापैकी आठ वेळा स्वच्छ होत नाही तोवर ते काम अजून शिकण्याच्या टप्प्यात आहे, आणि तिथे दडपण आणलं तर चुकाच पक्क्या होतात. ही आठची मर्यादा आम्ही व्यवहारासाठी धरलेली आहे, शास्त्राचा नियम म्हणून नाही.

पहिली पायरी मोबाइलची. कॅमेरा चालू, एकच टेक, मध्ये चूक झाली तरी थांबायचं नाही आणि ते चित्रण घरच्या दोघांना त्याच दिवशी दाखवायचं. दाखवायचं नसेल तर त्या टेकमध्ये दडपण उरत नाही. आपण ते पुसून टाकणार हे मनाला आधीच ठाऊक असतं. दुसरी पायरी तीन माणसांची. ती समोर बसतील, हसणार नाहीत, मान डोलावणार नाहीत, शेवटी टाळ्याही नाहीत. हे फार जड जातं, विशेषतः विनोदी काम करणाऱ्यांना. तिसरी पायरी शरीराची: चाळीस पायऱ्या भरभर चढून यायचं आणि धाप लागलेली असतानाच, अर्ध्या मिनिटात, पहिला आलाप किंवा पहिलं स्वगत सुरू करायचं. प्रयोगाच्या रात्री छाती जशी धडधडेल तशी ती आज चोरून धडधडवून घेतली, म्हणजे त्या धडधडीत सूर कुठे सापडतो हे गळ्याला कळतं. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी ही पायरी सोडावी. चौथी पायरी थंड सुरुवातीची. गप्पा चालू असताना अचानक "आता, दुसरा प्रवेश, तुझं वाक्य" असं म्हणायचं. बोटं तापवायला वेळ नाही, एकच संधी. आणि शेवटची पायरी पूर्ण सोंगाची: वेगळी जागा, पूर्ण पोशाख, चाळ, रंगभूषा, समोर टेबल टाकून दोन अनोळखी माणसं, ज्यांनी मान खाली घालून लिहायचं. मध्येच एकाचा मोबाइल वाजवायचा, माइकची शिट्टी वाजवायची, एक दिवा घालवायचा.

आठवड्यातून दोनदा, त्या दिवसाच्या तालमीचा शेवटचा चौथा हिस्सा एवढं यासाठी पुरे. फार तीव्र दडपणाची गरजही नसते. नेदरलँड्समध्ये रौल आउडेयान्स आणि सहकाऱ्यांनी डार्ट फेकणाऱ्यांवर प्रयोग केले, चढाईच्या भिंतीवर जमिनीपासून उंच उभं राहून डार्ट फेकायला लावले. सौम्य भीतीत सराव केलेले पुढे जास्त भीतीतही टिकले.

इथे एक गोष्ट नेहमी बिघडते. ही तालीम लवकरच पाणउतारा होते. सरांना आयतं निमित्त मिळतं आणि ‘दडपणाची सवय लागावी म्हणून’ पोरांना सगळ्यांसमोर फाडलं जातं. त्याने सवय लागत नाही. रंगमंचाच्या पायऱ्या दिसल्या की पोटात ढवळायला लागतं. दडपण परिस्थितीतून यावं, माणसाच्या तोंडातून नाही. किती वेळ चालणार ते आधी सांगावं, ठरल्या वेळी संपवावं, आणि संपल्यावर पाच मिनिटं ‘कुठे अडकलास?’ एवढंच बोलावं.

श्वासाबद्दल सगळेच सांगतात, आणि बहुतेक जण अर्धवट सांगतात. "मोठा श्वास घे" म्हटलं की घाबरलेलं पोरगं छाती फुगवून भराभर पाच-सहा मोठे श्वास घेतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, हलकी चक्कर येते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, आणि ते आणखी घाबरतं. मोठा नाही, हळू श्वास हवा, आणि सोडायचा वेळ घेण्यापेक्षा जास्त. चार मोजून नाकाने घ्यायचा, सहा मोजून ओठ किंचित मिटून सोडायचा, मध्ये रोखायचा नाही. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. तीन ते पाच मिनिटं. हात बेंबीवर ठेवून खालचं पोट हलतंय का ते पाहायचं, खांदे वर जात असतील तर चुकतंय. त्याआधी एकदा मुठी पाच सेकंद घट्ट आवळून सोडायच्या, मग खांदे कानापर्यंत उचलून सोडायचे. ताठरलेला स्नायू नुसता ‘सैल हो’ म्हणून होत नाही, आधी आणखी आवळला की सुटतो. आणि हे प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा केलं तर काहीही होणार नाही. दोन-तीन आठवडे रोज पाच मिनिटं, झोपण्यापूर्वी, म्हणजे त्या दिवशी तिसऱ्या श्वासाला शरीर ओळखीचं वळण घेतं.

ज्याचं धडधडणं तरीही थांबत नाही, त्याने ते थांबवायच्या मागे लागू नये. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्याआधी ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांनी ‘मला भीती वाटतेय’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं गायलं. छाती दोन्हींत सारखीच उडते. नाव बदललं की तिचा अर्थ बदलतो. मराठीत ‘उत्साह वाटतोय’ हे जरा पुस्तकी होतं. "आता मजा येणार" म्हणा, किंवा आपल्या भाषेत जे तोंडात बसेल ते.

शिवाय प्रत्येक कलेला शांतपणा एकाच मापाचा लागत नाही. वजन उचलणाऱ्याला त्याचा प्रशिक्षक पाठीवर रट्टे घालून तापवतो, नेमबाज उलट हृदयाच्या दोन ठोक्यांमधली शांतता शोधतो. लेझीम, हलगी, पोवाडा यांना जोशाची वरची पट्टी चालते, तिथे थंड माणूस मागे पडतो. विलंबित ख्याल, मूकाभिनय, सतारीची मींड यांना खालची. एकाच कार्यक्रमात लावणीनंतर लगेच करुण प्रवेश असेल तर मधली दोन मिनिटं पट्टी उतरवायला राखून ठेवा. सगळ्यांना सरसकट "जोशात जा!" सांगणाऱ्या व्यवस्थापकांना हे कुणीतरी एकदा समजावलं पाहिजे.

मनात प्रयोग करून पाहणं, म्हणजे कल्पनाचित्रण, हेही खेळाडूंकडून घेण्यासारखं आहे, पण ‘डोळे मिटून यश पाहा’ या थाटात नाही. टाळ्या आणि चषक पाहून काही सुधारत नाही. पहिली दोन मिनिटं पाहायची, खऱ्या वेगाने, स्वतःच्या डोळ्यांतून: विंगेतून किती पावलं, दिवा कोणत्या बाजूने डोळ्यांत येतो, पायाखाली पाट की सतरंजी, पहिला सूर. मोबाइलवर वेळ लावा. तालमीत पहिलं स्वगत ७० सेकंद घेत असेल आणि मनात ते ५० सेकंदांत उरकत असेल, तर तुम्ही मनातसुद्धा पळताय आणि प्रत्यक्षातही पळणार आहात. एकदा सरळ पाहिलं की दुसऱ्यांदा त्यात चूक घाला आणि तिच्यातून बाहेर पडताना पाहा.

बाहेर पडण्याची वाट मात्र आधी ठरलेली हवी. ‘जर असं झालं, तर मी हे करीन’ अशी तीनच वाक्यं वहीत लिहून पाठ करावीत, जास्त नकोत. तबलजीची सम हुकली तर हिशोब जुळवत बसायचं नाही. एक आवर्तन साधा ठेका, नजर मुख्य कलाकाराकडे, पुढच्या समेला हजर. नर्तकीचा तोडा तुटला तर पाय साध्या तत्कारावर आणि चेहरा जसाच्या तसा. नटाचं वाक्य गेलं तर ते वाक्य शोधायचं नाही, त्या प्रवेशातल्या पुढच्या ‘ठाण्यावर’ जायचं. दर दीड-दोन मिनिटांवर असं एक ठाणं, म्हणजे जिथून कथा पुढे नेता येईल असं पक्कं वाक्य, तालमीत खूण करून ठेवलेलं असावं आणि समोरच्या नटाला त्याच्याकडे ओढून नेणारा एक प्रश्न ठाऊक असावा. संहितेच्या पानावर लाल पेन्सिलीने या ठाण्यांखाली रेघ मारा आणि तालमीत कधी कधी मुद्दाम एका ठाण्यावरून दुसऱ्यावर उडी मारून पाहा. दोन अंकांच्या नाटकात हे काम एका संध्याकाळचं आहे. वाक्य गेल्यावर नटांच्या डोळ्यांत जी पांढरी शांतता दिसते, ती वाक्य गेल्याची नसते. पुढे कुठे जायचं ते माहीत नसल्याची असते.

खेळाकडून सगळंच जसंच्या तसं उचलू नये, हेही सांगायला हवं. नेमबाज प्रेक्षकांना विसरू शकतो. कीर्तनकाराने, लावणी कलावंताने, विनोदी नटाने त्यांना विसरलं तर कार्यक्रम संपला. हशा पिकला की थांबावं लागतं, तो ओसरायच्या जरा आधी पुढचं वाक्य टाकावं लागतं. त्यांचं लक्ष सतत अरुंद-रुंद होत राहिलं पाहिजे. तेव्हा ‘समोर कुणी नाहीच असं समज’ हा दुसरा लोकप्रिय सल्लाही आम्ही निकालात काढतो. समोर लोक आहेत, आणि ते प्रतिस्पर्धी नाहीत.

खेळाडूंची आणखी एक सवय आपण उलटी पाळतो. मोठ्या स्पर्धेआधी सुमारे दोन आठवडे ते सरावाचं प्रमाण साधारण निम्म्यावर आणतात, जोर मात्र तोच ठेवतात. आपल्याकडे शेवटच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत तालमी चालतात आणि प्रयोगाला घसे बसलेले असतात. शेवटच्या चार दिवसांत नवीन हालचाल, नवीन वाक्य, नवीन चप्पल काहीही नको. आदल्या रात्री एक सलग सराव, तोही दहापूर्वी संपलेला.

चहाचं म्हणाल तर रोज पाच वाजता एक कप घेत असाल तर त्या दिवशीही एक घ्यावा. विंगेतल्या तिसऱ्या कपाने काही साधत नाही. कॅफीनचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला सरासरी पाचेक तास लागतात. मावा आणि सिगारेट याबद्दल लोकांचा समज आहे की त्याने डोकं शांत होतं. निकोटीनने हृदयाचे ठोके वाढतात आणि बोटांतल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात, म्हणजे आधीच गार पडलेली बोटं अजून गार. ‘एक छोटा’ घेणाऱ्यांना आपण सुंदर केलं असं वाटतं. रेकॉर्डिंग तसं सांगत नाही. आणि हल्ली कुजबुजत दिली जाणारी ती धडधड थांबवणारी गोळी, प्रोप्रॅनोलॉल. नेमबाजी आणि तिरंदाजीत या वर्गातल्या औषधांवर बंदी आहे, यावरून ती काम करते हे खरं. पण दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते आणि रक्तदाब उतरवते. ती डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यावी, मित्राच्या खिशातून कधीच नाही. ज्याला कार्यक्रमाच्या कित्येक दिवस आधीपासून झोप नाही, उलट्या होतात, जो रंगमंचच टाळायला लागलाय, त्याला तालमीची नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

आता जरा आयोजकांकडे वळू, कारण कलावंताने कितीही तयारी केली तरी ती वाया घालवायची ताकद त्यांच्याकडे असते. पत्रिकेवर सायंकाळी सहा. सव्वासहाला दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर, मग ज्यांचं नाव घ्यायचं राहिलं त्यांचा सत्कार. आठ वाजून दहा मिनिटांनी पहिलं नाव पुकारलं जातं, तेही क्रम बदलून. साडेपाचला तापवलेला गळा आणि बोटं तोपर्यंत दोनदा थंड झालेली असतात. खेळात असं झालं तर संघ तक्रार नोंदवतात. आमची मागणी मोठी नाही: प्रत्येकाला आपल्या वेळेच्या ३० मिनिटं आणि ५ मिनिटं आधी अशा दोन सूचना, हार-तुरे आणि सेल्फीवाल्यांना बंद असलेली एक खोली, पिण्याचं पाणी आणि पुकारण्याचा क्रम दारावर लावलेला कागद. सोलापूरचा मार्च-एप्रिल असेल तर त्या खोलीत पंखा चालू असावा हे सांगावं लागू नये. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की ठोके तसेच वाढतात, आणि कलावंत त्यालाच भीती समजतो. कार्यक्रमाआधीच्या दोन तासांत साधारण अर्धा लिटर पाणी, घोट घोट करून.

शेवटचं मागणं नाट्यगृहांकडे आणि स्पर्धांच्या केंद्रांकडे. हुतात्मा स्मृती मंदिर असो की शाळेचं सभागृह, प्रयोगाच्या दिवशी सकाळी प्रत्येक संघाला मोकळा रंगमंच अर्धा तास मिळावा. तालमीसाठी नाही, ओळखीसाठी. खेळाडू सामन्याआधी खेळपट्टी पाहून येतात तसं. त्या अर्ध्या तासात नटांनी विंगेपासून आपल्या जागेपर्यंतची पावलं मोजावीत, चारही कोपऱ्यांतून एकेक वाक्य बोलून शेवटच्या रांगेत बसलेल्या सोबत्याला ऐकू येतं का ते विचारावं, दिवे लावून कोणत्या दोन पावलांत समोरचं काहीच दिसत नाही ते शोधावं, अंधारात बाहेर पडायची वाट एकदा डोळे मिटून चालून पाहावी, आणि नजर टेकवायला समोरच्या भिंतीवरची एक खूण, दारावरची पाटी किंवा गॅलरीचा कठडा, प्रत्येकाने आपापली ठरवून घ्यावी.

कळावे,
आपले,
कलावंतांबरोबर काम करणारे काही क्रीडा मानसशास्त्र अभ्यासक, सोलापूर